खात्री नसताना पुढे उभे राहावे लागते तेव्हा

चाफा_नौपाडा (धागाकर्ती)

नमस्कार.

हा धागा लिहावा की नाही, याचा विचार मी तीन आठवडे करत होते. वरवर पाहता प्रश्न सोसायटीचा आहे, पण मला विचारायचे आहे ते त्याच्या आतले आहे. म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगते.

ठाण्यातल्या नौपाड्यात आमची इमारत आहे. बांधकाम १९८४ सालचे, चार मजले, २८ घरे, लिफ्ट नाही. सतरा वर्षे अध्यक्षपद सांभाळणारे काका गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला राहायला गेले. निवडणुकीच्या वेळी त्यांच्या जागी यायला कोणीच तयार झाले नाही, म्हणून ते पद माझ्याकडे आले. मी शाळेत गणित शिकवते. हिशेब मला समजतात, बांधकाम समजत नाही. पद स्वीकारून दोन महिने होतात न होतात तोच, जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरील स्लॅबचा परातीएवढा तुकडा खाली पडला. शाळेला निघालेला एक मुलगा जेमतेम मिनिटभरापूर्वी त्याच पायरीवरून उतरून गेला होता.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे आणि आमची मागची तपासणी बरीच जुनी झाली होती, म्हणून आम्ही ती नव्याने करून घेतली. अभियंत्यांनी रिबाउंड हॅमरने ठिकठिकाणी ठोके देऊन पाहिले, अल्ट्रासोनिक यंत्राने काँक्रीटची आतली स्थिती तपासली, काही ठिकाणचे कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल नमुने, काढून प्रयोगशाळेत पाठवले. अहवालात इमारत 'सी-२ बी' वर्गात आली. ज्यांना हे वर्ग ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते: 'सी-१' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याची इमारत, 'सी-२ ए' म्हणजे रहिवाशांना हलवून दुरुस्ती करण्याची, 'सी-२ बी' म्हणजे रहिवाशांना न हलवता दुरुस्ती करण्याची आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

आता अर्धी घरे म्हणतात की मोठी दुरुस्ती करून घ्यावी. अर्धी म्हणतात की चाळीस वर्षांच्या इमारतीवर पैसा ओतण्यापेक्षा पुनर्विकासाला जावे. दोन्ही बाजूंचे लोक जिन्यात, दारात, भाजीच्या गाडीपाशी मला थांबवतात आणि शेवटी एकच वाक्य बोलतात, "तुम्ही म्हणाल ते. आम्ही तुमच्या मागे आहोत." हे वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. आदल्या रात्री स्वतः सोडवून न पाहिलेले गणित मी आजवर कधी फळ्यावर घेतलेले नाही. इथे मात्र २८ कुटुंबांचे छप्पर पणाला लागलेले आहे आणि उत्तर मला येत नाही. मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे गेली, तेव्हा जखमींना रक्त देण्यासाठी आमच्या शाळेतील शिक्षक रांगेत उभे होते. ती रांग मी विसरलेले नाही. आमच्या इमारतीची गोष्ट निराळी आहे, हे मला कळते. तरीही रात्री पाऊस वाढला की मी उठून जिन्यात जाते आणि बॅटरीने स्लॅब पाहून येते.

माझा प्रश्न असा आहे. ज्याला स्वतःलाच खात्री नाही त्याने इतरांना पुढे कसे न्यावे? खात्रीचा आव आणावा, की आपल्याला माहीत नाही असे सांगून लोकांचा धीर खचवावा? दोन आठवड्यांनी विशेष सर्वसाधारण सभा आहे. ज्यांनी असा प्रसंग अनुभवला आहे त्यांनी कृपया लिहावे.

खाडीकाठ

चाफाताई, मी वाशीत सिडकोने बांधलेल्या एका जुन्या वसाहतीत राहत होतो. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा मी सचिव होतो, त्यामुळे तुमची जिन्यातली फेरी माझ्या ओळखीची आहे.

तुमच्या लिखाणात दोन शंका एकमेकींत मिसळल्या आहेत, असे मला वाटते. इमारतीचे काय करावे ही एक, आणि हे ठरवायला मी लायक आहे का ही दुसरी. पहिल्या शंकेवर अभियंता, वास्तुविशारद आणि आकडे हे उपाय आहेत. दुसरी शंका पहिलीच्या आडून बोलत राहते आणि माणसाला गप्प बसवते. मी त्या दोघींना वेगळे करायला सात महिने लावले आणि तेवढे महिने आमच्या सोसायटीचे काम पुढे सरकले नाही, याची मला अजूनही खंत वाटते.

आणखी एक गोष्ट. सहकाराच्या कायद्यात अध्यक्ष निर्णय घेत नाही. सर्वसाधारण सभा निर्णय घेते. पुनर्विकासाबाबत कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ चे शासनाचे निर्देश आहेत. त्यानुसार अशा सभेला एकूण सभासदांपैकी दोन-तृतीयांश गणपूर्ती लागते आणि ठरावाला एकूण सभासदांच्या किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. तुमच्या २८ घरांत त्याचा अर्थ १९ जणांची हजेरी आणि १५ जणांची संमती असा होतो. विकासक निवडण्याच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधी असतो आणि तिचे चित्रीकरणही करावे लागते. ही चौकट अशा सभांमध्ये एका माणसाच्या शब्दावर सगळे चालू नये म्हणूनच घातलेली आहे. लोक तुम्हाला "तुम्ही म्हणाल ते" असे म्हणतात तेव्हा ते नकळत स्वतःचा अधिकार तुमच्या ओंजळीत टाकत असतात. तो तुम्ही त्यांना परत द्यायला हवा. योग्य उत्तर शोधून काढण्याचे ओझे तुमच्या एकटीवर नाही. २८ घरांना उत्तरापर्यंत पोहोचता येईल अशी सभा घडवणे, हे तुमचे काम आहे. तेही सोपे नाही, पण ते तुम्हाला येते. वर्ग तुम्ही रोज सांभाळताच.

चाफा_नौपाडा

खाडीकाठ, दोन शंकांची तुम्ही केलेली फोड वाचून मी काही वेळ नुसती बसून राहिले. दुसरी शंकाच मोठी आहे, हे मान्य करते. काकांच्या जागी मी बसले आहे, आणि प्रत्येक वेळी मनात येते की ते असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितले असते आणि सगळे निमूटपणे घरी गेले असते.

जुना_फोरमन

ताई, मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली वीस वर्षे प्रेस शॉपचा फोरमन म्हणून. तुमच्या काकांसारखी एका वाक्यात सांगणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि काही काळ मी स्वतःही तसाच होतो. म्हणून हे लिहितो. एरवी मी हे कोणाला सांगत नाही.

फोरमन झालो तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि माझ्या हाताखाली माझ्या वडिलांच्या वयाचे फिटर होते. आपण कच्चे आहोत हे त्यांना कळता कामा नये, एवढीच मला धास्ती होती. एके दिवशी दुसऱ्या शिफ्टला एक ऑपरेटर सांगायला आला की प्रेस मध्येच दुसरा ठोका मारते. ज्यांना प्रेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये पायातले पॅडल दाबले की क्लच लागतो, रॅम, म्हणजे वरचा जड ठोकळा, एकदा खाली येऊन वर जातो आणि थांबतो. क्लचची चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग कमजोर झाली तर रॅम थांबत नाही, आपोआप पुन्हा खाली येतो. ऑपरेटरचा हात त्या वेळी डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, पत्रा काढत असतो. मला त्या प्रेसची नीट माहिती नव्हती. मेन्टेनन्सचा फिटर दुसऱ्या शेडमध्ये होता, त्याला बोलावले असते तर अर्धा तास काम थांबले असते. चार माणसे माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "काही नाही, पॅडलवर पाय राहत असेल तुझा. चालव." तासाभरात त्याची दोन बोटे पहिल्या पेरापासून गेली.

मला त्या क्षणी शंका नव्हती असे नाही. ती चांगलीच होती आणि मी ती गिळली. माझ्या आवाजातल्या खात्रीवर त्या माणसाने विश्वास ठेवला. शंका मी बोलून दाखवली असती तर त्याने स्वतःहून हात आवरला असता. गेली कित्येक वर्षे माझ्या मनात हीच गोष्ट घोळते.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कोणी मशीनबद्दल काही सांगितले आणि मला कळले नाही, तर मी सगळ्यांसमोर म्हणायचो, "मला कळत नाही. मशीन बंद. ज्याला कळते त्याला बोलवा." पहिले काही महिने मला लाज वाटायची. पुढे असे झाले की माणसे लहानसहान खोड माझ्याकडे आपण होऊन घेऊन येऊ लागली, कारण माझ्याकडे आले तर वेडे ठरवले जाणार नाही, हे त्यांना कळले होते. त्यांच्या मनातला माझा मान कमी झाला की वाढला, ते मला सांगता येणार नाही. माझ्या शेडमध्ये पुन्हा कोणाचे बोट गेले नाही, एवढे सांगू शकतो.

"मला माहीत नाही" याच्या पुढे "मशीन बंद" हे होते, ही गोष्ट मात्र विसरू नका. माहीत नाही म्हणून मी हातावर हात ठेवून बसलो नव्हतो.

माहुलीवाट

जुना_फोरमन काकांचे लिखाण वाचून अंगावर काटा आला. तरीही मी थोडी वेगळी बाजू मांडतो, कारण सगळ्यांसमोर शंका बोलून दाखवण्याचा माझा अनुभव चांगला नाही.

मी ठाण्यातून सह्याद्रीतले ट्रेक नेतो. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये बावीस जणांना घेऊन माहुली किल्ल्यावर गेलो होतो. आसनगावला उतरून माहुली गावातून वाट धरली. वर जाताना पायथ्याचा ओढा घोट्याएवढा होता, परतताना तो मांडीपर्यंत चढलेला होता. पार होईल की नाही, याची मला खरोखरच खात्री नव्हती. मी माझ्या मनातले सगळे मोठ्याने बोलत राहिलो: इथून जाऊ या का, की वरून, थांबू या का, पण अंधार पडेल. दहा मिनिटांत बावीस जणांचे चार गट झाले. दोन मुले कोणालाही न विचारता पाण्यात उतरली आणि त्यांतला एक जण दोन-तीन पावलांतच आडवा झाला. मागच्या गड्याने त्याची सॅक पकडली म्हणून तो वाचला.

मग मी ओरडून सांगितले, "कोणीही पाण्यात उतरणार नाही. पाणी ओसरेपर्यंत सगळे या झाडाखाली बसतील." पाणी किती वेळाने ओसरेल, ते मला माहीत नव्हते. तरी ते वाक्य खरे होते, कारण त्यात मी अंदाज सांगितला नव्हता, नियम सांगितला होता. आम्ही अडीच तास बसलो. शेवटची जलद गाडी चुकली, काही पालक माझ्यावर चिडले, पण सगळे घरी पोहोचले.

म्हणून मला वाटते की शंकेलाही वेळ आणि जागा असते. आता मी निघण्याच्या आदल्या रात्री दोन सहकाऱ्यांबरोबर बसून मनातल्या सगळ्या शंका बाहेर काढतो. परत फिरण्याची वेळ तेव्हाच ठरवतो आणि ती सकाळी सगळ्यांना सांगतो. डोंगरावर असताना पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाकडे वळत नाही. माणसे खाली पाय बघत चालत असतात. पुढच्याची पावले अडखळली की मागच्या सगळ्यांची अडखळतात. ताई, सभेत तुम्ही नुसती अस्वस्थता बोलून दाखवलीत तर तुमचेही चार गट होतील, ही मला भीती वाटते.

पांढरी_पट्टी

मी ऐरोलीला राहते आणि एका रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. जुना_फोरमन आणि माहुलीवाट हे दोघेही मला बरोबर वाटतात, कारण दोघांच्याही अनुभवात शेवटी एक ठाम सूचना आहे: मशीन बंद, पाण्यात उतरायचे नाही. ज्याची खात्री आहे तेवढेच त्यांनी ठामपणे सांगितले.

करोनाच्या साथीत, २०२० च्या एप्रिलमध्ये, माझ्या वॉर्डात अठरा परिचारिका होत्या, त्यांतल्या निम्म्या पंचविशीच्या आतल्या. उपचारांच्या सूचना आठवड्या-आठवड्याला बदलत होत्या. एका मुलीने मला विचारले, "सिस्टर, आपण सुरक्षित आहोत ना?" घरी तिचे सहा महिन्यांचे बाळ होते. "हो" म्हणणे सोपे होते आणि ते खोटे ठरले असते. मी तिला सांगितले की पीपीई काढताना चूक होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, म्हणून ते कोणत्या क्रमाने काढायचे ते मी तुला स्वतः दाखवीन आणि तू काढत असताना रोज एक जण समोर उभी राहील. बाकीचे मला ठाऊक नाही. जे कळेल ते संध्याकाळी सातच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, सांगेन. त्यानंतर चार महिने मी रोज सातला उभी राहिले. अनेक दिवस सांगण्यासारखे काहीच नसायचे. त्या दिवशी मी तसेच सांगायचे: आज नवीन काही कळलेले नाही. मुली तरीही सातची वाट पाहायच्या. उत्तर मिळेलच असे नाही, पण ठरलेल्या वेळी कोणीतरी समोर येऊन उभे राहणार आहे, एवढ्याचाही माणसाला आधार होतो, हे मी तिथे शिकले.

माहुलीवाट यांनी शंकेच्या जागेबद्दल लिहिले आहे, त्याला माझ्या क्षेत्रातले एक उदाहरण जोडते. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक तपासणी सूची आणली. भूल देण्यापूर्वी, पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी, असे तिचे तीन टप्पे आहेत. छेद घेण्यापूर्वी खोलीतला प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो, आणि सर्जन पुढे कोणती अडचण येऊ शकते ते मोठ्याने बोलतो. आठ देशांतील आठ रुग्णालयांत केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही सूची वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. माझ्या अनुभवात त्या सूचीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे नाव सांगणे. एकदा स्वतःच्या तोंडून नाव सांगितलेली नवखी परिचारिका पुढे "सर, एक गॉज कमी आहे" असे म्हणायला कचरत नाही. शंका बोलण्याची वेळ ठरवून दिली की ती चुगली किंवा घाबरटपणा वाटत नाही, कामाचा भाग वाटते.

अभ्यासिका

मी मानसशास्त्र शिकवते. हल्ली अशा प्रत्येक अनुभवाला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणण्याची पद्धत पडली आहे, म्हणून एक खुलासा करावासा वाटतो. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघींनी १९७८ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी तिला आजार म्हटले नव्हते. 'फिनॉमिनन', म्हणजे दिसून येणारी गोष्ट, हा साधा शब्द वापरला होता. ज्यांच्याजवळ पदव्या, मान्यता आणि यशाचे पुरावे होते, तरीही आपण लोकांना फसवत आहोत असे ज्यांना वाटे, अशा दीडशेहून अधिक स्त्रियांबरोबरच्या कामातून त्यांनी ती मांडली.

चाफाताईंची शंका त्यात बसत नाही, असे माझे मत आहे. त्यांना बांधकाम येत नाही, हे खरेच आहे. ती जाणीव म्हणजे वास्तवाचे अचूक वाचन आहे, आणि तिला मनाची दुर्बलता समजून आत्मविश्वास वाढवण्याचे उपाय करत बसणे हा वेळेचा अपव्यय होईल. सभा चालवता येणार नाही, लोकांना एकत्र ठेवता येणार नाही, असे त्यांना वाटत असेल तर मात्र त्यांनी जरा पुरावा तपासावा. पंचवीस-तीस वर्षे साठ-साठ मुलांचा वर्ग ज्यांनी सांभाळला आहे, त्यांच्याजवळ तो भरपूर असणार.

उपवन_पहाट

माहुलीवाट यांच्या एका मुद्द्यावर मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. एकदा निघाल्यावर पुन्हा विचार करू नये, हे डोंगरावर ठीक. पण जिथे काम महिनोन् महिने चालते तिथे निर्णय मागे घेण्याचीही तयारी लागते, आणि ते काम शंका व्यक्त करण्याहून कठीण आहे.

मला १९१९ सालचे गांधीजी आठवतात. रौलेट कायद्याविरुद्ध ६ एप्रिलला देशभर हरताळ झाला, पुढच्या काही दिवसांत अहमदाबादेत आणि खेडा जिल्ह्यात हिंसा झाली. नडियादच्या सभेत त्यांनी सांगितले की लोकांची पुरेशी तयारी होण्यापूर्वी त्यांना कायदेभंगासाठी बोलावणे ही आपली हिमालयाएवढी चूक होती. १८ एप्रिलला त्यांनी सत्याग्रह स्थगित केला. या कबुलीबद्दल त्यांची पुष्कळ थट्टा झाली. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे: आधी सत्याग्रह म्हणजे काय ते नीट समजलेले स्वयंसेवक तयार करायचे, मग लोकांना बोलवायचे, असा क्रम त्यांनी धरला. आपले चुकले हे म्हणताना नेमके काय चुकले, तेही त्यांनी सांगितले होते, म्हणून पुढचे काम काय ते ठरवता आले.

ताई, तुमच्या सभेत जे ठरेल ते पुढे बदलावे लागू शकते. कोणती नवी माहिती आली तर आपण फेरविचार करू, हे त्याच सभेत इतिवृत्तात लिहून ठेवा. मग नंतर बदल केला तर अध्यक्षांनी घूमजाव केले, असे कोणी म्हणू शकणार नाही.

चाफा_नौपाडा

सभा काल झाली. तुम्हा सर्वांना सविस्तर सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

सभेच्या चार दिवस आधी मी समितीतल्या दोघांबरोबर बसले आणि मनातले सगळे बाहेर काढले, अगदी "मला या पदावर राहायचे नाही" इथपर्यंत. माहुलीवाट, हे तुमच्यामुळे झाले. त्यानंतर मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचे तीन मोठे कागद घेतले. पहिल्यावर आपल्याला काय माहीत आहे ते लिहिले: अहवालातील वर्ग, दुरुस्तीचा अंदाजे खर्च, निधीची शिल्लक, गंजलेले लोखंड फुगून काँक्रीट फोडते आहे अशा नऊ जागा. दुसऱ्यावर काय माहीत नाही ते लिहिले: दुरुस्तीनंतर इमारत किती वर्षे टिकेल, आमच्या भूखंडावर पुनर्विकासात किती चटईक्षेत्र, म्हणजे किती बांधकामाची परवानगी, मिळू शकेल, रस्त्याची रुंदी आड येईल का, ज्येष्ठांनी बांधकामाच्या काळात कुठे राहायचे. तिसरा कागद मी कोरा ठेवला. त्याच्या वर फक्त "कोण शोधणार आणि कधीपर्यंत" असे लिहिले.

२८ पैकी २४ घरांतून माणसे आली. मी उभी राहून सांगितले की दुरुस्ती की पुनर्विकास, याचे उत्तर आज माझ्याजवळ नाही आणि ते आहे असे मी भासवणार नाही. आवाज थोडा कापत होता. एक सभासद ताबडतोब म्हणाले, "अध्यक्षांनाच माहीत नसेल तर आम्ही इथे कशाला आलो?" ते मला लागले. काय उत्तर द्यावे ते मला सुचेना, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना मी सभेत कधी बोलताना ऐकले नव्हते, म्हणाल्या, "दुसरा कागद वाच ना मोठ्याने. मला चष्म्याशिवाय दिसत नाही." मी वाचला. वाचून झाल्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही आणि मग चौथ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ उठले. ते नगररचनेच्या कामात होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते, कारण कोणी कधी विचारलेच नव्हते. चटईक्षेत्राची आणि रस्त्याची माहिती आपण काढतो, असे ते म्हणाले आणि स्वतः येऊन तिसऱ्या कागदावर नाव आणि तारीख लिहून गेले. त्यांच्यामागून आणखी पाच जण आले. ज्येष्ठांच्या राहण्याचा प्रश्न एका तरुण जोडप्याने घेतला. मघाशी मला लागेल असे बोललेले सभासद सर्वांत शेवटी आले आणि दुसऱ्या अभियंत्यांकडून कोटेशन आणण्याचे काम त्यांनी घेतले.

जिथे शंकेला जागा नव्हती तिथे मी ठाम राहिले: जिन्याखाली आठवड्याच्या आत लोखंडी टेकू लागतील, जिन्याच्या आणि पाण्याच्या टाकीखालच्या दुरुस्तीला पाऊस थांबण्याची वाट पाहिली जाणार नाही, आणि दुसऱ्या मजल्याच्या त्या कोपऱ्यात मुलांनी खेळायचे नाही. हे एकमताने झाले. दुसऱ्या अभियंत्यांचे मत घेण्याच्या बाजूने २०, विरोधात ४ मते पडली. मूळ प्रश्न दिवाळीपूर्वीच्या सभेवर ठेवला आहे आणि दुसऱ्या तपासणीत इमारत वरच्या धोक्याच्या वर्गात गेली तर त्यापूर्वीच सभा बोलवायची, हे उपवन_पहाट यांच्या सूचनेप्रमाणे इतिवृत्तात लिहिले आहे. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता मी तळमजल्यावर अर्धा तास बसणार आहे. ही वेळ कुठून आली, ते पांढरी_पट्टी यांना सांगायला नको.

सभा संपल्यावर आजींनी मला जिन्यात थांबवले आणि विचारले, "तुला भीती वाटते का गं?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मलाही वाटते. बॅटरी घेऊन रात्री तू येतेस ना, मला आवाज येतो." मी फेरी घालते, हे कोणाला माहीत असेल असे मला वाटले नव्हते.

जुना_फोरमन काका, एक काम होते. टेकू मंगळवारी येत आहेत. ठेकेदार म्हणतो की एकदा उभे केले की पुन्हा पाहावे लागत नाहीत. हे मला कळत नाही, म्हणून विचारते.

जुना_फोरमन

ताई, त्याचे ऐकू नका. टेकूच्या बुडाखाली लाकडी फळी किंवा जाड लोखंडी पाट असलाच पाहिजे, नाहीतर सगळा भार एका लहानशा जागेवर येतो आणि लादी फुटते. वरच्या टोकालाही आडवे लाकूड द्यायला सांगा. किती टेकू, कुठे आणि किती अंतरावर, हे अभियंत्यांनी कागदावर लिहून द्यायला हवे. ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नका. स्क्रू आठवड्यातून एकदा हाताने फिरवून बघायचा. सहज फिरला तर टेकू सैल झाला आहे असे समजा आणि अभियंत्यांना फोन करा. आपण होऊन जोर लावून आवळू नका, त्यानेही स्लॅबला धक्का बसतो. जिन्यात एक वही टांगा: तारीख, टेकूचा क्रमांक, बघणाऱ्याची सही.

मंगळवारी मी घरीच आहे. नौपाडा मला दूर नाही. चालत असेल तर टेकू उभे करताना येऊन उभा राहीन.